लाईन गेल्यावर

चिचबोडीच्या पडीत वावरात
शंभर मीटरचा चौकोन आखून वायर पसरली.
चार कोपऱ्यांना चार खुंट्या,
तिसऱ्या खुंटीशी दीपंकर, बकऱ्या हाकलायला.

आम्ही पाणी शोधायला आलो नव्हतो.
ते असतंच, इथला दगड आतून ओलाच.
किती सुटेल आणि किती तो धरून बसेल,
एवढंच विचारायचं होतं.

पण दुपारभर नुसती गुणगुण.
धुऱ्यापलीकडच्या मोटारी, पिठाची गिरणी,
डीपी, वरून गेलेल्या तारा,
सगळ्या आमच्या वायरीत येऊन बोलत होत्या.
पाण्याचा आवाज त्यात
वरातीच्या बँडमागे कुणी खोकावं तेवढा.

"साडेसहाला लाईन जाते, मॅडम,"
भिवराज मडावी म्हणाला,
आणि खोक्यातून गाभ्याचा तुकडा उचलून
(नव्वद फुटांवरचा वालुकाश्म, परवाच्या बोअरचा)
जीभ लावली त्याला.
पन्नास वर्षं हिरी खोदल्या या माणसाने, सब्बलीने.
"चिकटला तं माती. थे पानी सोडत नाई.
हा नाई चिकटला."

मग मी माझं सांगायला गेले:
पाण्याच्या थेंबाथेंबात बारीक भोवरे असतात,
पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करून.
वायरीतून टिचकी मारली की कलतात,
सेकंदाला अठराशे गिरक्या घेत सावरतात.
अरुंद भोकात भिंतीला घासून लवकर गप्प,
मोकळ्या पोकळीत घुमत राहतात.
जितकं घुमणं लांब, तितकी वाट रुंद.

"म्हंजे तुमची जीभ लांब हाय," तो म्हणाला.

सहा बत्तीस. लाईन गेली.
गिरणी अर्ध्या घासावर थांबली.
एकेक मोटार धाप टाकून निजली.
दीपंकरने एका बकरीचं तोंड दाबून धरलं.
ती ओरडली असती तरी यंत्राला कळलं नसतं,
पण मी त्याला सांगितलं नाही.

पहिली टिचकी.
पडद्यावर रेघ उठली आणि लगेच विझली:
चाळीस फूट, चिकणमाती,
पाणी पुष्कळ, सगळं मुठीत.
टिचकी वाढवत गेलो तसे खोल गेलो.
नव्वदवर रेघ उठली
आणि घाई न करता उतरत राहिली,
दोनशे, तीनशे मिलिसेकंद.
एवढ्यात पापणी लवते.
दगडाच्या हिशेबात तो बैलगाडीचा रस्ता.
मडावीने पडद्याकडे पाहिलंही नाही.
तुकडा बंडीच्या खिशात टाकला.
सरकारी नमुना तो, परत मागायला हवा होता.

एकशे साठ फुटांचा थर राहिला होता,
जिथलं पाणी, त्याच्या मते, निजलेलं आहे.
टिचकी मारायला बोट उचललं,
तेवढ्यात गावात पोरं ओरडली.

लाईन आली.
ऑटोवर टाकलेल्या मोटारी
एकामागून एक घुमू लागल्या,
आम्ही जे ऐकत होतो
तेच उपसत.

वहीत लिहिलं:
तिसरा थर. गोंगाट फार. नोंद नाही.