परतणारा काटा

बेझाँसाँत नदी गावाला घोड्याच्या नालेसारखी वळसा घालते.
माझं टेबल असं लावलंय, की उत्तरेचा उजेड
डाव्या खांद्यावरून यावा.
गुरुवारी पार्सल आलं, कॉर्ट्राइकच्या एका दंतवैद्याचं.
योस्ट फेरहाखे. सोबत चार ओळी:
तबकडीला हात लावू नका.
काच बदलू नका. पॉलिश तर नकोच.
फक्त चालू करा.

म्हणजे म्हातारपण जसंच्या तसं,
छातीत धडधड तेवढी हवी.

तबकडी काळी होती कधी. आता
खिडकीत विसरलेल्या कोऱ्या चहाचा रंग,
आणि हल्ली त्या रंगाचेच जास्त पैसे पडतात.
जमवणारे लोक अशा घड्याळाला ‘प्रामाणिक’ म्हणतात.
माणसांना इतक्या सहज म्हणत नाहीत.

पहिले वैमानिक खिशातलं घड्याळ मांडीला बांधत;
दोन्ही हात गुंतलेले, साखळी कोण ओढणार?
मग ते मनगटावर चढलं,
जाडजूड बाहीवरून बसेल असा लांब पट्टा घेऊन,
हातमोज्यातूनही सापडेल अशी
कांद्याच्या गड्ड्यासारखी किल्ली घेऊन.
पाठीवर खात्याचा शिक्का, नंबर. सरकारी मालमत्ता.
नोकरी संपली की परत करायचं, सही करून.
(हे कोणी तरी केलं नाही. म्हणून तर ते माझ्या टेबलावर आहे.)

साध्या घड्याळात काटा थांबवा, शून्यावर आणा, पुन्हा सोडा:
तीन दाब.
ढगात तीन दाबांना सवड नसते.
याला एकच.
काटा धावता धावता उडी मारून शून्यावर येतो
आणि टेकायच्या आत निघतोही.
एवढ्यासाठी आत एक तरफ आहे,
कापून टाकलेल्या नखाएवढी.

एकशे दहा अंश, चार मिनिटं.
दाब.
वळ.
सात मिनिटं, खाली फक्त पांढरं.
नकाशा गुडघ्यावर आणि जमीन कुठेच नाही.
तेव्हा वेळ हीच जागा होती.
काटा चुकला, की डोंगर.

फोनवर फेरहाखे जरा ओशाळून म्हणाला,
अशी अकरा आहेत माझ्याकडे.
विमानात खिडकीजवळ बसायचीही मला भीती वाटते.
रविवारी अंडी उकडताना हे लावतो.
किती वेळ? मी विचारलं.
चार मिनिटं.

संध्याकाळी दिवा मालवून पाहिलं.
आकडे चमकत नाहीत. रंगातला उजेड कधीच जळून गेला,
रेडियम मात्र आहे;
निम्मं व्हायला त्याला सोळाशे वर्षं लागतील.
दिवा लावला. हात धुतले.

मग पाठ उघडली.
आतल्या बाजूला, भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशा,
दुरुस्त करणाऱ्यांच्या खुणा. सुईने कोरलेल्या.
एक हात मी ओळखला:
आर्माँ झानरो. त्यानेच मला चिमटा धरायला शिकवलं,
आणि श्वास धरायलाही.
मार्च बासष्ट. पुढे एक शब्द: वाळू.
चौसष्टमध्ये पुन्हा तोच हात, पुन्हा: वाळू.
त्यानंतर नुसत्या तारखा.

कोण उतरला होता कुठे, इंजिन बंद पडून की इंधन संपून,
ते पोलाद सांगत नाही.
एवढं कळतं, की वेळ आली होती, काळ आला नव्हता;
नाही तर चौसष्टची खूण कोणासाठी?

तरफेच्या खाली, कोरड्या तेलात रुतलेला
एक कण मिळाला. झानरोच्याही नजरेतून सुटलेला.
पिवळट. मी तो कागदाच्या पुडीत घातला,
वर लिहिलं: हा तुमचा, बिलात धरलेला नाही.

तबकडीला हात लावला नाही. काच तीच.
फक्त झाकण लावण्याआधी
मीही सुई घेतली, आणि रिकाम्या कोपऱ्यात
ओ.व्ही. आणि महिना. पत्रात तसं नको म्हटलेलं नव्हतं.

किल्ली दिली. कानाशी धरलं.
मग खालचा खटका दाबला, एकदा,
काम म्हणून.
आणि परत एकदा, उगीच.