फुटाळा, रविवार, पावणेसहा

टेम्पोच्या टपावर ट्रायपॉड रोवलाय.
इथून माणूस ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतो
आणि मला तेवढाच हवा असतो.
आठवडाभर सीताबर्डीत मी चेहरे कापतो,
पासपोर्टचे. कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही.
रविवारी कुणी कॅमेऱ्याकडे बघू नये,
एवढंच.

मे महिना. भिंतीचा दगड अजून बूड टेकू देत नाही,
तरी लोक दुपट्ट्याची घडी करून टेकलेत.
एक बाई पाय हवेत सोडून बसलीय,
चपला मात्र मांडीवर, जपून.
तीन पोरं एकाच मोबाइलवर वाकलेली.
कणीसवाल्याची ठिणगी उडते.
पलीकडे कृषी विद्यापीठाचं भुरं रान,
वर आभाळ. आभाळाला मी नेहमीच जास्त जागा देतो.

खालून एक म्हातारा मान वर करतो :
"आमाले काढून राह्यले का, भाऊ?"
नाही बाबाजी, तलाव काढून राह्यलो.
"मंग आमी बाजूले होऊ का?"
आणि अख्खं कुटुंब उठायला लागतं,
सतरंजी, डबा, झोपलेलं पोर,
साहेबाची गाडी आल्यावर उठावं तसं.
बसा ना, म्हटलं, तुम्ही उठले तर
तलाव केवढा आहे ते कसं कळेल?
त्याला पटलं नाही. बसला, पण अंग चोरून.
ते मला विसरेपर्यंत
मी दहा मिनिटं थांबलो.

रात्री कॉम्प्युटरवर डावी कड मोठी केली.
विजेच्या खांबापाशी धनपाल भाऊजी.
आज कोराडीला त्यांची सेकंड शिफ्ट,
सुकेशनीताई सकाळीच फोनवर म्हणाली होती.
तिनं दिलेला डबा शेजारी, उघडा.
सोबत कुणी नाही. मी नीट पाहिलं,
चित्राचे चौकोन फुटेपर्यंत पाहिलं.
नुसते बसलेले.
एक शेंग तोंडाकडे नेता नेता थांबलेली,
एकच कान दिसतोय, ओठ जरा उघडे,
असा फोटो मी गिऱ्हाइकाला परत काढायला लावला असता.

बोटभर कड कापली असती तर
खांबही गेला असता, फ्रेम सुधारली असती.
नाही कापली.

बुधवारी ताई दुकानात आली.
भिंतीवरच्या प्रिंटसमोर उभी राहिली बराच वेळ,
पदरानं मानेचा घाम पुसत.
"एवढाले लोक, अन् कोणीच ओळखू नाही येत.
थोडा मोठा काढत जा ना रे."
म्हटलं, याहून मोठं
मी छापत नाही.