अडीचचा कंडेन्सर

मे महिना, दुपारचे दोन. उरकुडेबाईंचा कूलर
नुसता घूं करतो, फिरत नाही.
जाळीला सुतळीनं बांधलेली एक पऱ्हाटी.
ती आत घालून पात्याला ढोसायचं,
मग पंखा धरतो वेग.
"तीन उन्हाळे झाले. हे होते तवा हेच ढोसत."

प्लग काढला, मागची ताटी उतरवली.
कुजक्या खसाचा वास, टाकीत मेलेला भुंगा,
आणि मोटरीच्या बगलेत
पोट फुगवून बसलेला कंडेन्सर.
सवयीनं दोन्ही टोकांना पेचकस टेकवला.
ठिणगी नाही.
इतका रिकामा.

"मोटर जयली का रे पोरा?"
"नाही काकू, मोटर चांगलीच हाये.
पयला धक्का देनारं कोनी नोतं तिले."
बोललो, आणि उगाच
वायर सोलत बसलो लागते त्याहून जास्त.

नवा लावला. अडीचचाच.
चारचा लावला तर मोटर तापते,
हे मला हिंगणघाटात एक वाइंडिंग जाळून कळलं.

लाइन पाऊण तासानं आली.
खटका दाबला मी,
आणि त्या पऱ्हाटी घेऊन जाळीपाशी उभ्या,
हात पुढे.
पंखा त्यांच्याआधीच निघाला.
भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, पदर उडाला.
त्या तशाच उभ्या.

मला वाटलं, चुलीत घालतील.
त्यांनी पऱ्हाटी परत जाळीला बांधली,
गाठ दोनदा ओढून पाहिली.
"राहू दे. याचा काय भरवसा."

ऐंशीतले सत्तर दिले. घेतले.
पुढचं घर बोरकुट्यांचं,
तिथं पाण्याची मोटर.