दोरीची दोन टोकं

धारवाडच्या हेब्बळीमॅडमनी कागदावर काढून दाखवलं:
एक फळी, चार कड्या, कड्यांतून ओवलेली एकच दोरी.
दोन्ही टोकं एकदम ओढली तर फळी पुढं येते.
एकट्यानं ओढलं तर दोरी सुळ्ळकन हातात,
फळी तिथल्या तिथं.
मी म्हटलं, मॅडम, असलं बिनकामाचं सामान
नंदगडात आजवर कुणी करून घेतलेलं नाही.
फणसाचं लाकूड उरलं होतं. केलं.

अंगणवाडीच्या फलकावर दोन लिप्या,
एकीवर डांबर. कुठल्या, ते सांगत नाही.
खाली वीसेक चपला, बोटाएवढ्या.
जाळीपल्याड फळीवर शेंगदाण्याचे चार लाडू.
इकडच्या टोकाला वैजू, तिकडच्या टोकाला श्रीशैल,
साडेतीन वर्षांची दोघं.
हिला कन्नड येत नाही, त्याला मराठी.

वैजूनं आधी एकटीनंच ओढली.
दोरी आली, लाडू आले नाहीत.
ती दोरीकडं बघत बसली,
तुटलेल्या शेपटीकडं बघावं तशी.
मॅडमनी परत ओवून दिली.
श्रीशैल म्हणाला, "जग्गु!"
मग ती म्हणाली, "ओढ!"
तिसऱ्या खेपेला दोघं एकदम ओरडली
आणि फळी आली.

पण आली तिरकी. चूक माझी, रंधा नीट फिरला नव्हता.
तीन लाडू घरंगळून वैजूकडं, एक त्याच्याकडं.
तिनं तिन्ही फ्रॉकमध्ये घेतले.
मग एक काढला, जरा चाटून बघितला,
आणि त्याच्या हातावर ठेवला.
कुणी सांगितलं नव्हतं. बाई तर बाहेर दूध मोजत होत्या.

संध्याकाळी मॅडमनी मोबाइलवर चिंपांझी दाखवले.
आपल्या वडावरच्या वानरांपेक्षा जवळचे, म्हणाल्या,
चुलत घराणंच.
तेही दोरी ओढतात. दुसऱ्याची वाट बघतात,
दार उघडून त्याला बोलावूनसुद्धा आणतात.
पण फळं एकाच ढिगात ठेवली
की दांडगा अख्खा ढीग उचलतो,
आणि पुढच्या खेपेला
दुबळा दोरीला हात लावत नाही.
"भांडत नाही?"
"नाही. नुसता लांब जाऊन बसतो."

मी पुढं काही विचारलं नाही.

एकोणऐंशी साल. कापीचा खड्डा,
वर मी, खाली दस्तगीर,
मधे मत्तीचा ओंडका आणि सहा फुटी करवत.
करवत ढकलायची नसते, पातं वाकतं.
आपण ओढायचं आणि सोडून द्यायचं,
तो ओढेल या भरवशावर.
भुसा त्याच्या डोळ्यांत पडायचा, माझ्या नाही.
कंत्राटदारानं एकशे ऐंशी माझ्या हातावर मोजले,
मी त्याला ऐंशी दिले.
त्यानं टॉवेल झटकला, म्हणाला, "बरं गा."
दुसऱ्या दिवशी आला नाही.
भांडला असता तर दिले असते. दहाच रुपये.
ओंडका अर्धा चिरलेला, तसाच खड्ड्यावर आडवा,
वाळवी लागेपर्यंत.

परवा एक पोरगा चारही लाडू घेऊन पळाला.
जोडीची पोरगी लांब जाऊन बसली नाही.
तिनं त्याचा सदरा धरला, "नंदु! नंदु!"
पोरगा मागंपुढं बघायला लागला, हा नंदू कोण?
"अरे, माझं म्हणतीय ती," मी म्हटलं.
त्यानं दोन दिले. रडतच दिले.

कड्या घासल्यात आता, नव्या लागतील.
दस्तगीरचा नातू खानापुरात वेल्डिंग करतो म्हणे.
नंबर मिळालाय.
अजून लावलेला नाही.