उजव्या कानामागे

पुंता अरेनासमध्ये आधी वारा आत येतो,
मग गिऱ्हाईक, मग कसंबसं दार लागतं.
रोसाउरा ओयार्सो आली तेव्हा
तिच्या डोक्यात अकरा पिना होत्या.
मी मोजल्या, एकेक काढून बशीत ठेवताना.
पोर्वेनिरच्या फेरीवर ती गाड्यांना जागा दाखवते,
हात हलवत, दिवसातून दोनदा सामुद्रधुनी ओलांडत,
आणि वीस वर्षं केस आवळून बांधून
कपाळसुद्धा मागे सरकलेलं.

"आखूड कर, नेव्हेंका. पण असे, की
वाऱ्याने विसकटले तरी
विसकटल्यासारखे दिसू नयेत."
म्हणजे आधीच विसकटून ठेव, असं.

कात्री मी परत खणात टाकली.
कात्री केसांचं कुंपण करते,
सगळी टोकं एका उंचीची, एका हुकुमातली.
वस्तरा बटेच्या अंगावरून घसरत जातो
आणि जाता जाता तिला निमुळती करतो,
इथल्या माळावरच्या कोइरोन गवतासारखी.
वारा त्याला मोडत नाही,
फक्त कूस बदलायला लावतो.

केस ओले हवेत. कोरड्या केसांत वस्तरा ओरडतो
आणि खुर्चीतली बाई गप्प राहून डोळ्यांत पाणी आणते.
पातं नवं हवं. इथे मी जरा चिक्कू आहे.
अर्धं डोकं झाल्यावर
रोसाउराच्या भुवया आखडल्या,
तेव्हा निमूट पातं बदललं.
धार केसावर जवळजवळ निजलेली असावी.
उभी धरली तर ती कापत नाही, सूड घेते.

माझे वडील, आंते कुशान, मेंढ्या कातरायचे.
त्यांचा अभिमान एकच:
लोकर एका तुकड्यात उतरली पाहिजे,
जमिनीवर पसरली तर वाटावं, मेंढीच झोपलीय.
माझं उलटं.
मी काढलेलं कुठून काढलं
ते कुणाला सापडता कामा नये.
"मग दिवसभर करतेस काय?" ते विचारायचे,
फरशीवरचा सुपलीभर भुगा बघून.

टाळूवर तिला दोन भोवरे निघाले,
एक घड्याळाच्या दिशेने, दुसरा तिच्याविरुद्ध.
भोवऱ्यांशी वाद घालायचा नसतो.
तिथली बट बोटांत उचलली,
आतून थोडी पोखरली, सोडून दिली.
बसली आपल्या मनाने.

तेवढ्यात धक्क्यावर फेरीचा भोंगा वाजला.
सुट्टी असूनही रोसाउराने मान वळवली.
उजव्या कानामागे वस्तरा
केसभर नाही, चांगला दोन बोटं खोल गेला.
कातडीला काही झालं नाही.
पण केसांत खिंड पडली.
मी आजूबाजूचं विरळ करत, वरची बट खाली आणत
बुजवत राहिले. तोंडातून शब्द काढला नाही.
केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच का,
असं मनात म्हणत हजार पेसो कमी घेतले.
तिने विचारलं नाही, का.

चौकात गेल्या वादळात लोकांना धरायला बांधलेले
दोर अजून तसेच होते.
काचेतून मला दिसली. एका हाताने दोर धरलेला,
दुसरा हात सवयीने डोक्याकडे गेला
आणि करायला काहीच न सापडून खाली आला.

सात आठवड्यांनी परत.
केस कानांवर आलेले, आकार अजून धरून.
बसता बसता म्हणाली, "सगळं मागच्यासारखंच.
आणि उजव्या कानामागे ते केलं होतंस ना,
वाऱ्याला आत यायला वाट ठेवली होतीस,
ते विसरू नकोस. धाकटीलाही तसंच हवंय."

मी नवं पातं लावलं. केस ओले केले.
कानामागची बट धरली, धार टेकवली,
आणि हात पुढे जाईना.
किती खोल, कुठून, किती वेगाने,
काही म्हणजे काही आठवेना.
खिडकीबाहेर पाहिलं.
फेरी यायला अजून वेळ होता.

"थांबू या जरा," मी म्हटलं.
"का गं?"
"केस पुरते भिजले नाहीत अजून."