चाळीसचं तेल

सकाळी सातला गाडी ठीक होती.
बंद सूतगिरणीच्या मागच्या मैदानात
मुरुमाच्या उंचवट्यावरून उडाली,
बसली, निघून गेली.
इलियासनं नुसता अंगठा वर केला.

अकराला तीच गाडी, तोच उंचवटा,
आणि मागची बाजू अशी उसळली
की कुणी चिमटा काढला असावा.
नाक मातीत. चाकं आभाळाकडं, फिरतच.
रिमोट माझ्या हातात, आणि हाताला काही कळेना.

एप्रिल आहे, अक्कलकोट रोड आहे,
इथं दुपारी तेलाचंसुद्धा पाणी होतं.

घरी आणली. न शिवलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर
पालथी घातली, मागची चाकं उतरवली.
दोन शॉक, माझ्या करंगळीएवढे.
स्प्रिंगची कॉलर दोन आटे आवळली:
पाठ वर, चवड्यावर उभं राहून
भिंतीपलीकडं बघणाऱ्या पोरीसारखी.
दोन आटे सैल केली: पोट फरशीला.
वरचं टोक आतल्या भोकात घेतलं,
मग बाहेरच्या, मग परत आतल्या.
वहीत लिहिलं. वहीत खोडलं.

नान्ना बघत होते.
एकतीस वर्षं मागांवर जॉबर.
उजवा कान पार गेलेला, डाव्यात फक्त हाक पोचते,
तीही आईचीच.
रॅपिअर आले, धोट्याचे माग किलोनं गेले,
हात मात्र अजून पहिल्या पाळीला उठतो.

त्यांनी गाडीच्या पाठीवर तळवा ठेवला.
दाबला. सोडला.
दाबला. सोडला.
ताप बघतात तसं नाही,
मागाच्या चौकटीवर हात टेकून
धोटा कुठं अडखळतोय ते सांगायचे
तसं.

"आगु," म्हणाले. थांब.
मी काहीच करत नव्हते तरी.
"डावा बोलतोय.
उजवा नुसता हो हो म्हणतोय."

उजव्याचं टोपण उघडलं.
आत हवा.
ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा
तिसच्या तेलात आरामात बसलेला.
दोन्ही रिकामे केले, पुसले, चाळीसचं भरलं,
दांडा हळूहळू खाली, हळूहळू वर.
बारीक फुगे सुटत राहिले, आधी पुष्कळ,
मग एखादा, मग बराच वेळ कुणीच नाही,
आणि मग उगाच अजून एक.

आई उंबऱ्याशी विड्या वळत होती.
सुपातून मान न उचलता म्हणाली,
"खेळण्याला तेल घालताय बापलेक.
दाराची बिजागरी दिवाळीपासून रडतीय,
ती कुणाला ऐकू येत नाही."

नान्नांना खरंच नव्हती येत.
मला येत होती.

साडेपाचला परत मैदान.
मुरूम अजून तव्यासारखा.
गाडी उडाली, आणि उतरली ती
ओला टॉवेल खाली टाकावा तशी,
एकदाच, जागच्या जागी.
इलियासनं घड्याळ दोनदा बघितलं.
मग तिसऱ्या फेरीत उजव्या वळणावर
शेपूट सुटलंच. ते कॅम्बरचं.
अर्धा आटा, बहुतेक. उद्या.

रात्री वाटीत काढून ठेवलेलं तिसचं तेल दिसेना.
नान्ना पाणी प्यायला उठले,
दाराला हात लावला,
थांबले.
उघडलं. लावलं. परत उघडलं,
तळवा फळीवर तसाच.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.
अख्खी चाळ जागी झाली.