मधली रेघ

डिसेंबरात वाल्गा गावात दुपारी साडेतीनला रात्र पडते,
आणि माझे अजून अकरा फॉर्म कोरे.
भरलेल्या फॉर्ममागे दोन युरो दहा सेंट.
प्रश्न एकच, पाच तऱ्हांनी विचारलेला:
पिणं कमी व्हावं म्हणून दारूवरचा कर वाढवावा का?
खाली चौकोन.
पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही,
असहमत, अजिबात असहमत.
सोबत पेन्सिल. थंडीत पेन रुसतं.

तळमजल्यावर वाइके. चाळीस वर्षं इस्पितळात परिचारिका.
"दुप्पट करा," म्हणाली, "तिप्पट करा,
मी यकृतं पाहिली आहेत."
दार लावलं, आणि पुन्हा बोटभर उघडलं:
"माझी चेरीची घरची असते हं. ती नका धरू यात."
पूर्ण सहमत.
चेरीसाठी कागदावर जागा नव्हती.

समोरच्या दारात एंडेल, बनियनवर, या थंडीत.
मला खिडकीशी नेलं, पडदा सारला.
"तो दिव्याचा खांब दिसतो? तिथून लॅटव्हिया.
इथे कर वाढवा, तहान दोनशे पावलं चालेल.
चालणं तब्येतीला चांगलंच म्हणा."
हसला. मग खोकला, बराच वेळ खोकला.
मी खूण करायची थांबले, तर म्हणाला,
"लिहा, लिहा. बाटलीहून कर महाग,
नाकापेक्षा मोती जड.
आणि नाक आमचंच कापलेलं."

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानं कानातून एक वायर काढली.
तो पीत नाही. वाढवा, म्हणाला, कितीही.
इतक्या पटकन कुणी सहमत झालं
की मला उगाच त्याचा खिसा बघावासा वाटतो.

तिसरा मजला.
होल्गेरनं दार उघडलं, चौकट धरून उभा राहिला,
प्रश्न पूर्ण ऐकून घेतला, शाळेत ऐकतात तसा.
"वाढवा," म्हणाला.
"इतका वाढवा की माझा हात पुरणार नाही."
आतून लेम्बी आली, हातात डाव, डावावरून बटाट्याचं सूप ठिबकतंय.
"नको. त्याचा हात कधी कमी पडत नाही.
कमी पडतं ते दुसरंच.
मागच्या वेळी भाव वाढला तेव्हा
मिर्टेलचे हिवाळी बूट राहिले."
भिंतीशी बूट होते.
कुणाचे तरी जुने, दोन मापं मोठे, आत वर्तमानपत्र कोंबलेलं.
तिघंही आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो.

नियम असा आहे, मी म्हटलं, घरटी एकच फॉर्म.

"माझं लिहा."
"माझं लिहा."
"प्यायचं मी, मग मत माझं."
"आणि निस्तरायचं कुणी?"
शेवटी त्यानंच माझ्या हातातून पेन्सिल घेतली.
ती काही बोलली नाही. डाव तेवढा आडवा धरला,
खाली थेंब पडू नये म्हणून.
हात थरथरला त्याचा.
फुली पडली ती दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर,
अर्धी इकडे, अर्धी तिकडे.
अशी फुली मशीन वाचत नाही.
खोडरबर माझ्या खिशात होतं.
मी ते काढलं नाही.

मला कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्याचं मत मोजत नाहीत.
बरंच आहे. नऊ वर्षं मी एका माणसाची किल्ली
कुलपात फिरण्याच्या आवाजावरून
आज कसं आहे ते ओळखत होते,
आणि अजून मला माहीत नाही
की ती बाटली पाच युरो महाग असती तर
किल्ली नीट फिरली असती
की घर आधी विकलं गेलं असतं.

पाच वाजता रस्त्यावर आले.
खांबाच्या दिशेनं दोघं चालली होती.
त्याच्या हातात घसरगाडीची दोरी, मागे रिकामी घसरगाडी.
लेम्बीनं त्याचा कोपर धरला होता, घट्ट,
रस्ता निसरडा झाला होता.
खांबापाशी ती थांबली, त्याच्या गळ्याचा मफलर नीट केला,
मग दोघं पलीकडे गेली.

दहा फॉर्म मी कचेरीत दिले.
एक अजून पिशवीत आहे,
त्याच्या कोपऱ्यावर सुपाचा डाग.